तिथीची पाऊणपट

केळुसकरकाकांनी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा तीन वेळा उधळली आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं. सभा पौर्णिमेच्या आसपास ठेवली होती.

"ज्या माणसाला पौर्णिमा कधी आहे ते ठाऊक नाही, तो सेक्रेटरी होतोच कसा?" असं ते भर सभेत उभं राहून विचारत. सेक्रेटरी लेलेसाहेब म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. ते म्हणत, "अहो केळुसकर, रविवार आहे. सर्वांच्या सोयीचा."

झालं. 'सोय' या शब्दाने काका पेटत. "कोणाच्या सोयीचा? माशाच्या?"

आता आमची सोसायटी कर्वेनगरात. तिथून सर्वांत जवळचा समुद्र घाट उतरून तीन-चार तासांवर. बारा बिऱ्हाडांपैकी नऊ घरांत अंडंसुद्धा शिजत नसे. त्यामुळे सभेत माशाची सोय पाहावी ही सूचना इतिवृत्तात कशी लिहायची, असा प्रश्न लेलेसाहेबांना पडे. ते 'एका सभासदाने तारखेबद्दल नापसंती व्यक्त केली' असं लिहीत.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आलो तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. गाव यवतमाळकडचं. समुद्र कॅलेंडरवर पाहिलेला. पहिल्याच दिवशी मी टॉवेल धुऊन जिन्याजवळच्या गॅलरीत वाळत घातला आणि पाचच मिनिटांत दारावर थापा पडल्या. दारात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला, कृश, काळासावळा, पन्नाशीचा माणूस. हातात माझा ओला टॉवेल.

"हा कोणाचा?"

"माझा. काहून?"

"काहून?" त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. मग मागे वळून आत ओरडले, "अगं, वऱ्हाड आलंय!" तेव्हापासून माझं नाव वऱ्हाड पडलं ते आजतागायत.

टॉवेलाचा गुन्हा असा होता की गॅलरीच्या कठड्याला काकांनी एक चिंधी बांधली होती आणि माझ्या टॉवेलामागे ती दिसेनाशी झाली होती. चिंधी कोणत्या अंगाला उडते त्यावरून वारा कळायचा. शेजारी एका बरणीत पाणी भरून त्यात काचेची बाटली उपडी घातलेली. बाटलीतलं पाणी चढलं की हवा जड, उतरलं की हवा हलकी. दिवाणखान्यात भिंतभर पंचांग, त्यावर लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा. एवढ्या तीन वस्तूंवर काका माशाची वेळ काढत आणि स्कूटरवर गळ बांधून खडकवासल्याच्या मागच्या पाण्यावर गरवायला जात. कधी दुपारी दोनला, कधी पहाटे पाचला. कधी आठ-आठ दिवस अजिबात नाही.

"तिथीची पाऊणपट कर," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी विचारलं नव्हतं. "आज काय? चतुर्थी. चाराची पाऊणपट?"

"तीन."

"तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हा मोठं उधाण. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी मेल्यासारखं. ना धड चढत, ना उतरत. इंजिनीअर आहेस ना? एवढं लक्षात ठेव, बाकी सगळं विसरलास तरी चालेल."

"पण काका, धरणाच्या पाण्याला कुठे भरती येते?"

हा प्रश्न विचारणारा मी पहिला नव्हतो. त्यांचं उत्तर तयार होतं. "पाण्याला येत नसेल. माशाला येते." आणि मग आवाज चढवून, "तुका काय कळता?"

रागावले की ते गावच्या बोलीत शिरत. आणि ते बहुतेक वेळ रागावलेलेच असत. रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांवर राग. धरणातून पाणी सोडणाऱ्या खात्यावर राग, कारण ते कोणाला न विचारता पाणी सोडत आणि काकांचं सगळं गणित वाहून जाई. पण खरा राग रविवारी मासे धरायला जाणाऱ्या लोकांवर. "सुट्टी आहे म्हणून निघाले! मासा काय ह्यांच्या बापाचा नोकर आहे, रविवारी हजेरी लावायला?"

काकू त्याच वेळी आतून म्हणत, "वऱ्हाड, चहा घेणार का? हे आटपेपर्यंत थंड होईल, पण करते." काकू अस्सल सदाशिव पेठेतल्या. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलेली. नवऱ्याचा राग त्यांनी घरातल्या फ्रिजच्या आवाजासारखा मानून घेतला होता. तो बंद पडला तरच काळजी करायची.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हात अचूक. पण रजेचे अर्ज तिथीनुसार. एकदा रजेच्या कारणात त्यांनी 'भांग संपला' असं लिहिलं आणि पंजाबी मॅनेजरने त्यांना नशेच्या बाबतीत समज देण्यासाठी बोलावून घेतलं. पुढे परदेशी कंपनीशी करार झाला, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. त्या कागदाची झेरॉक्स काकांनी मला तीनदा वाचून दाखवली. "स्वेच्छा! कोणाची स्वेच्छा? मी म्हटलं, अर्जात माझी इच्छा मागितलीय ना, मग लिहितो. माझी इच्छा आहे की तुम्ही सगळ्यांनी खड्ड्यात जावं. तर म्हणाले, सही खाली करा."

माझ्या नोकरीबद्दलही त्यांचं मत वाईट होतं. मी संध्याकाळी कामाला जायचो, कारण आमचे साहेब लोक अमेरिकेत. "म्हणजे तुमची भरती तिकडे येते आणि तुम्ही इकडे हलता," ते म्हणाले. "आणि हे लेले मला वेडा म्हणतात."

आमच्या टीमला एकदा पिकनिकची लहर आली. आमचा टीमलीड आदित्य म्हणाला, "अरे, तुझे ते फिशिंगवाले अंकल आहेत ना, त्यांना घेऊन जाऊ. सॅटर्डे, इलेव्हन ओ'क्लॉक. मस्त बार्बेक्यू करू." मी काकांना विचारायची चूक केली. त्यांनी पंचांग पाहिलं, बाटली पाहिली, चिंधी पाहिली.

"शनिवारी अकरा वाजता तिथे फक्त गाढवं भेटतील. तीसुद्धा तुम्ही नेलेली."

तरी आले. का आले ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, कोणीतरी बोलावलं होतं एवढंच कारण असावं. दिवसभर झाडाखाली पाठ करून बसले आणि दर अर्ध्या तासाने ओरडले, "लागला का?" लागला नाही. सात इंजिनीअर, नवे कोरे परदेशी गळ, आणि संध्याकाळी बार्बेक्यूवर पनीर. आदित्य म्हणाला, "अंकल, प्रॉबॅबिलिटीचा प्रश्न आहे."

"वेळेचा प्रश्न आहे," काका म्हणाले. "मंगळवारी ये. सव्वाचार ते पाच."

आदित्य कसला येतोय! मी गेलो. ताप आल्याचं ऑफिसात कळवून गेलो. आभाळ दाटून आलं होतं, वारा पडला होता. काकांनी कणकेचा गोळा गळाला लावून दिला आणि म्हणाले, "आता तोंड बंद." सव्वाचार झाले. काही नाही. काकांचा चेहरा दगडासारखा. चार वीस झाले आणि पाण्यावरचं बूच एकदम खाली गेलं. त्यानंतर पाऊण तासात आम्ही चार मासे काढले. त्यातला एक रोहू एवढा दांडगा की मी पाण्यात पडता पडता वाचलो. मी लहान पोरासारखा नाचत होतो. काका मात्र घड्याळाकडे बघत होते.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "पाच मिनिटांनी चुकलो."

"काका, अहो चार मासे मिळाले!"

"गप रे मेल्या! चुकलो म्हणतोय ना!" आणि हे इतक्या जोरात की वरच्या शेतातला पांडुरंग धावत आला. त्याला वाटलं भांडण लागलं. काकांनी चारही मासे त्याच्या हातात कोंबले. गोड्या पाण्यातला मासा ते तोंडात घालत नसत, तो त्यांना चिखलासारखा लागे. पांडुरंग मला हळूच म्हणाला, "नेहमीचंच हाय. मासं मला, आन् राग सोताला."

मला त्याचा तेव्हा फक्त पहिला अर्धा भाग समजला.

नोव्हेंबरात एका दुपारी मी घरी झोपलो होतो. दोन दिवस पुण्यावर मळकं आभाळ होतं. अरबी समुद्रात वादळ आहे, मच्छीमारांनी बाहेर जाऊ नये, असं टीव्हीवर सांगत होते. समोरच्या घरातून काकांचा आवाज येत होता, पण नेहमीचा नव्हता. नेहमी ते कोणावर तरी ओरडत. आज नुसतंच ओरडत होते. मी दार उघडून गेलो.

काका गॅलरीत बरणीसमोर उकिडवे बसले होते. बाटलीतलं पाणी पार खाली गेलं होतं. त्यांच्याच नियमाप्रमाणे अशा हवेत मासा वेड्यासारखा लागतो, आणि ते गळाला हात लावायला तयार नव्हते. "सांगतात, जाऊ नये! काल सांगायला काय झालं होतं? गेलेल्यांनी काय करायचं? मध्यानीला भरती झाली, आता ओहोटी. ओहोटीला खाडीत शिरायचं कसं?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि पोळ्या लाटता लाटता, जणू भाजीचा भाव सांगावा तसं सगळं सांगितलं.

काका एकवीस वर्षांचे असताना वडील आणि थोरला भाऊ दाजी यांच्याबरोबर होडीवर जात. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध. भरतीचं पाणी असेल तरच होडी त्यावरून आत येते. ती वेळ काढायचं काम धाकट्याचं, कारण तो शाळा शिकलेला. एक दिवस त्याने एका तिथीने चूक केली. एक तिथी म्हणजे पाऊण तास. तो म्हणाला, पाणी आहे, चला. पाणी उतरलं होतं. होडी वाळूवर आपटून फुटली आणि दाजीचा उजवा हात फळ्यांमध्ये सापडला. दोन बोटं गेली. दाजी किनाऱ्यावर रक्ताळलेला हात धरून बसला होता, तो एवढंच म्हणाला, "परत पाण्याकडे बघू नको."

"म्हणून हे समुद्र नसलेलं गाव शोधत इथे आले," काकू म्हणाल्या. "वडील गेले तेव्हा पत्र उशिरा पोचलं. मग तेही निमित्त झालं. मी अजून माझं सासर पाहिलेलं नाही, वऱ्हाड. पण तिथे रोज भरती किती वाजता येते ते मला झोपेत विचार."

बत्तीस वर्षं. भिंतीवरचं पंचांग, लाल-निळ्या खुणा. मला उगाचच कोणाचा तरी राग आला. कोणाचा ते कळेना. मी बाहेर जाऊन खिशातला मोबाइल काढला. नवा होता, फार जपून वापरायचो.

"काका, नंबर सांगा."

"कसला नंबर? मला कोणाचा नंबर माहीत नाही."

"काका."

त्यांनी नंबर सांगितला. कधीतरी कोणा गाववाल्याने दिलेला, गावातल्या दुकानाचा. एकदाही न फिरवलेला आणि तोंडपाठ. मग माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "फक्त होडी आली का एवढंच विचार. माझं नाव घेतलंस तर याद राख."

सातव्या खेपेला लागला.

"हॅलो, केळुसकरांची होडी परत आली का?"

"खयच्या केळुसकरांची? हंय अर्धो गाव केळुसकरच."

"दाजी केळुसकर."

"दाजी? तो हंयच बसलो आसा. थांब."

मी काकांकडे पाहिलं. मोबाइलचा आवाज मोठा होता, त्यांना ते ऐकू गेलं. ते मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी 'नको, नको' करू लागले. तेवढ्यात पलीकडून एक खरखरीत, सावकाश आवाज आला. "कोण?"

"मी... पुण्याहून बोलतोय. हवामानाच्या संदर्भात."

"पुण्यात समुद्र कधी इलो?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो आवाज म्हणाला, "होडी कालच वर ओढली. सांग तेका." मी ठेवणार इतक्यात तो पुन्हा आला, जरा खालच्या पट्टीत. "आमचो बाबू वेळार जेवता मां?"

त्यानंतर लाइन गेली.

काकांना हे शेवटचं ऐकू गेलं नव्हतं. मी सांगितलं, होडी कालच वर ओढलीय. त्यांनी मान हलवली. मग मी म्हणालो, आणि ते विचारत होते, बाबू वेळेवर जेवतो ना.

माझी अपेक्षा होती की ते रडतील वगैरे. ते उभे राहिले आणि माझ्यावर असे ओरडले की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. "मी तुला होडीचं विचारायला सांगितलं होतं! बाकीच्या चौकशा करायला कोणी सांगितलं? कोण कोणाचा बाबू? तुका काय कळता रे?" आणि आत जाऊन दार आपटलं. माझ्या तोंडावर.

त्यानंतर चार दिवस त्यांच्या घरातून आवाज आला नाही. लेलेसाहेब चौथ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "केळुसकर बरे आहेत ना? काल मी मुद्दाम त्यांच्यासमोर 'रविवार' म्हटलं. काही बोलले नाहीत. जरा बघा हो."

पाचव्या दिवशी काकांनी माझं दार वाजवलं. "येत्या अष्टमीला आम्ही गावी जातोय. स्वारगेटला सोडायला ये. सामान आहे."

"अष्टमीला?" मला आता एवढं कळत होतं. "काका, अष्टमीला तर मासेच मिळत नाहीत."

"म्हणूनच," ते म्हणाले. "आमचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. भांगाला ओढ नसते. दाजी घरी असेल." हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कठड्याकडे बघत होते.

ते गेले, बारा दिवस राहिले आणि परत आले. तिथे भावाशी भरतीच्या वेळेवरून तीनदा भांडण झालं, तिन्ही वेळा दाजीचंच खरं निघालं, हे काकूंनी मला मोठ्या आनंदाने सांगितलं. पुढे दरवर्षी जात राहिले. मला ह्यातलं काही विशेष वाटत नाही. माणसं भांडतात, भेटतात. पण स्वारगेटचा तो अर्धा तास मी विसरत नाही.

कुडाळची गाडी फलाटावर लागलेली होती. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि मंडईतून आणलेली अंजिरांची टोपली मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या होत्या. "पन्नाशीला सासरी निघालेय," त्या मला म्हणाल्या, "सासू नाही ते एक बरं. ह्या वयात कुठे शिकवून घेऊ!" काका आत बसायला तयार नव्हते. दाढी करताना गाल दोन ठिकाणी कापला होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, कंडक्टर म्हणाला, "बसा आजोबा," आणि आजोबा म्हटल्याबद्दल त्याला बोलणीसुद्धा बसली नाहीत.

काकांनी माझी बाही ओढून मला खांबाआड नेलं.

"काय म्हणाला तो? त्या दिवशी."

"होडी कालच..."

"ते नाही. नंतरचं."

"बाबू वेळेवर जेवतो ना, म्हणाले."

"असं म्हणाला? असं कसं म्हणेल तो? पुणेरी आहे का? त्याच्या शब्दांत सांग."

मी आठवून म्हणालो, "आमचा बाबू वेळार जेवता ना."

"आमचो! आमचा नाही, आमचो. इंजिनीअर आहेस ना? पुन्हा."

"आमचो बाबू वेळार जेवता ना."

"ना नाही, मां. नाकातून. मां. परत सांग."

कंडक्टरने घंटी दोनदा वाजवली. काकू खिडकीतून हाका मारत होत्या. मी सगळं लक्ष एकवटून, एकेक शब्द जपून म्हटलं, "आमचो बाबू वेळार जेवता मां?"

ह्या वेळी बरोबर आलं होतं. मलाच कळलं, बरोबर आलं होतं. काका डोळे मिटून उभे होते.

"चूक," ते म्हणाले. "परत सांग."